डाव्या पायाचा नमस्कार

“पण सर, गुडघा उडाला म्हणून आनंद कसला मानायचा?”

शौनक पुण्याहून सुवर्णपदक घेऊन आमच्या जिल्ह्याच्या दवाखान्यात शिकायला आलेला डॉक्टर. पोरगा हुशार, त्यात वाद नाही. पण हुशारी अंगात मावत नव्हती. समोर त्याला शिकवणारे आमचे जुने डॉक्टर नाबरसर, सत्तरीला टेकलेले. मी त्या वॉर्डाची सिस्टर. या दोघांचे वाद माझ्या टेबलाशीच चालायचे, आणि खरं सांगते, मला ते आवडायचे.

खाटेवर झिलूकाका गावडे. उभा जन्म माडांवर चढून नारळ पाडले, आणि महिन्यापूर्वी माडावरून स्वतःच खाली आले. पाठीला मार बसला, कमरेखाली सगळं बंद. पहिल्या दिवशी शौनकने हातोडी मारली तेव्हा गुडघे ढिम्म होते. आज हातोडी लागायचा अवकाश, पाय ताडकन उडाला.

“हाललो! ह्यांचो पाय हाललो!” त्यांची बायको शेवंतीकाकू रडायलाच लागली.

शौनकने तिच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. तळव्यावरून किल्ली ओढली. पायाचा अंगठा सावकाश वर गेला.

“बघा सर. मार बसला की मज्जारज्जू आधी सुन्न होतो, म्हणून गुडघा गप्प. सुन्नपणा उतरला की गुडघा असा उधळतो, अंगठा असा वर जातो, कारण वरून मेंदूचा लगाम तुटलेला. पाय उचला म्हटलं तर उचलत नाहीत. मी ‘इजा पूर्ण’ असं लिहितो. घरी न्यायला सांगू,” म्हणत त्याने कागदावर तसं लिहिलंही.

घरी म्हणजे खाटेवर, कायमचं. चालायला शिकवणाऱ्या केंद्रात एकच जागा रिकामी होती. हा कागद गेला की ती दुसऱ्या कुणाची.

“शिकलास अगदी बरोबर,” सर म्हणाले. “गप्प होता तेव्हा म्हणालास, पाय गेला. उड्या मारतोय तरी गेला... गुडघ्याला दोनदा विचारलंस.”

“मग?”

“झिलूला?”

“विचारलं ना सर. पाय उचला म्हणालो.”

“हं...”

सर उठले. शौनकला म्हणाले, “हातोडी खिशात ठेव. आणि अंगठ्यावरची नजर काढू नकोस.”

मग खाटेच्या पायथ्याशी गेले. चष्मा काढून माझ्या हातात दिला.

“झिलू, चाळीस वर्षं आमच्या घरातला प्रत्येक नारळ या पायांनी उतरवला. माझी आई म्हणायची, झिलूच्या पायांत देव आहे. एकदा नमस्कार करायचा राहून गेला बघ.”

आणि तो पांढऱ्या केसांचा माणूस चक्क वाकला. दोन्ही हात उजव्या पावलाकडे नेले.

“डॉक्टरानु! ह्या काय करतास! पाप लागात माका!” झिलूकाका घामाघूम झाले. दोन्ही हातांनी खाटेची दांडी धरली, दात आवळले, पाय मागे घ्यायची नुसती धडपड.

पाय हलला नाही.

सरांचे हात पावलापासून वीतभर अलीकडे थांबले होते. अजून लागले नव्हते...

आणि अंगठा खाली मुडपला. एवढासा. लाजल्यासारखा.

हातोडी नाही, किल्ली नाही; हा हुकूम झिलूकाकांचाच होता.

सरांनी हात मागे घेतले. अंगठा सैल पडला. हात पुन्हा पुढे नेले. अंगठा पुन्हा मुडपला.

“नको हो डॉक्टरानु...” झिलूकाका आता रडत होते.

माझे डोळे भरले होते, खोटं कशाला बोलू. शौनकने पेन काढलं आणि आपण लिहिलेल्या ‘पूर्ण’वर आडवी रेघ मारली.

“सर...” तो म्हणाला. “काकूंना आता काय सांगू?”

सरांनी माझ्याकडून चष्मा घेतला, सावकाश पुसला, आणि त्याच्या खांद्यावर हात ठेवला.

“सांगू रे. आधी डावा पाय राहिलाय, त्याला तू नमस्कार कर.”