लोखंडी पाखरांचा श्रोता

“त्याचा आवाज गेलाय, मास्तर. तरीही जाणार?”

रुबेनने विचारलं तेव्हा परेरा मास्तर बूट पुसत होते. वसईकडच्या गिरीज गावात ते गिटार शिकवायचे. रुबेन त्यांचा सर्वांत तयार शिष्य, आणि हे रुबेनला पुरेपूर ठाऊक होतं.

“जाणार,” मास्तर म्हणाले.

‘लोखंडी पाखरं’ हा मास्तर तरुणपणापासून ऐकत आलेला रॉक बँड. त्या संध्याकाळी मुंबईत बँडचा शेवटचा कार्यक्रम होता.

“त्यांच्यापेक्षा आता मी बरा वाजवतो.”

“वाजवतोस खरा.”

“मग? त्यांचा तो गायक, भार्गव, तुम्हाला ओळखतही नाही. जन्मभर ऐकलंत त्याला. त्यानं काय दिलं तुम्हाला?”

मास्तरांनी फडकं बाजूला ठेवलं.

“माझी आग्नेस गेली, त्या वर्षी मी कुणाशी बोलत नव्हतो. लोक यायचे, बसायचे, जायचे. मी या पाखरांची कॅसेट तेवढी लावायचो... एके दुपारी गाणं संपलं, आणि लक्षात आलं, मला भूक लागलीय.”

रुबेनने मास्तरांच्या बायकोला, आग्नेसबाईंना, फक्त भिंतीवरच्या फोटोत पाहिलं होतं. त्यानेच उठून गाडी काढली.

हॉल अर्धा रिकामा होता. भार्गव काठी टेकत स्टेजवर आला. वरचा सूर आला की बाकीचे जोरात वाजवून त्याला सांभाळून घेत. रुबेन मान खाली घालून बसला.

मग एका गाण्याच्या मध्येच भार्गव थांबला. पुढचे शब्द त्याला आठवेनात.

ड्रम थांबला. मागे कुणीतरी हसलं.

...

परेरा मास्तर उभे राहिले आणि पुढची ओळ गायले.

भसाडा आवाज. एकही सूर जागेवर नाही. माणसं वळून पाहू लागली. रुबेनने त्यांची बाही ओढली. मास्तर गातच राहिले. गालांवरून पाणी वाहत होतं, ते पुसायचंही त्यांना सुचलं नाही.

पलीकडे एक पांढऱ्या केसांची बाई उठली. तिनं पुढची ओळ उचलली. मग तिच्या शेजारचा. मग सगळा हॉल.

रुबेनही केव्हा उभा राहिला, ते त्याला कळलं नाही.

भार्गव काठीवर रेलून ऐकत होता. गाणं संपलं तसे त्यानं हात जोडले. मास्तरांनीही जोडले.

परतताना गाडी खाडीच्या पुलावर आली.

“मास्तर...”

“हं.”

“राग मानू नका. पण तुम्ही फार बेसूर गायलात.”

मास्तर खिडकीबाहेर बघत हसले.

“मी गात कुठे होतो, बाळा? त्या दुपारचं देणं देत होतो.”