चारी बाजूंनी नाव

घाटाच्या पायथ्याशी एक बाजाराचं गाव होतं आणि त्या गावात मल्लिनाथ शेटे नावाचे सिमेंट-लोखंडाचे एक व्यापारी राहत. सगळे त्यांना अण्णा म्हणत. माणूस मनाने वाईट नव्हता. पण हातातून काही सोडायची वेळ आली, की अण्णांची बोटं आपोआप मिटत. देवळात नारळ वाढवला, तरी खोबऱ्याचा मोठा तुकडा आधी त्यांच्या खिशात जाई आणि उरलेला प्रसाद म्हणून वाटला जाई.

अण्णांकडे एक दणकट पिकअप गाडी होती. तिने अकरा वर्षं सळया आणि सिमेंटची पोती वाहिली होती आणि कधी कुरकुर केली नव्हती. यंदा अण्णांनी नवी गाडी घेतली. जुनीचं काय करायचं, हा प्रश्न पडला. तेव्हा त्यांच्या पत्नी गिरिजाबाई म्हणाल्या, "वरच्या वसतिगृहाला द्या की. गाढवावरनं धान्य नेत्यात बिचाऱ्या."

घाटावर मुलींचं एक वसतिगृह होतं. डोंगरातल्या वाड्यांवरच्या साठ मुली तिथे राहून शिकत. शकूताई नावाच्या बाई ते चालवत. वर ना दुकान, ना गिरणी. पीठ, तेल, तांदूळ, सगळं खालून न्यायचं. गावातल्या कुंभाराची सहा गाढवं त्या कामाला होती.

अण्णांना ही कल्पना फार आवडली. शकूताईंना निरोप गेला, दिवस ठरला. मग अण्णा गाडी घेऊन दस्तगीर मिस्त्रींच्या गॅरेजात गेले. ही गाडी पहिल्या दिवसापासून मिस्त्रींच्याच हाताखाली होती.

"मिस्त्री, टायर नवे हायेत, ते काढा. गोदामातले जुने चढवा. बॅटरीबी नवीच हाय, तीबी काढा. आणि जॅक, पाना, स्टेपनी राहू द्या आपल्याकडं."

मिस्त्रींनी हात पुसले. "अण्णा, घाटात चालायची गाडी हाय ही. चढाला बंद पडली तर परत चालू व्हायाला नको?"

"फुकट मिळतीया त्यास्नी. आणि काय पाहिजे?"

मिस्त्रींनी पाना उचलला. सांगितलं तसं त्यांनी केलं. काढलेला माल अण्णांच्या गोदामात ताडपत्रीखाली जाऊन बसला. त्याचा उपयोग काय, ते अण्णांनाही ठाऊक नव्हतं. असू द्यावा, एवढंच.

मग अण्णांनी पेंटरला बोलावलं. इथे मात्र त्यांचा हात चांगलाच सैल सुटला. 'दानशूर मल्लिनाथ शेटे यांजकडून सप्रेम भेट' अशी अक्षरं दोन्ही दारांवर आली, मागच्या फाळक्यावर आली, पुढे बॉनेटवरही आली. पिवळा रंग आणि त्याला लाल सावली. गाडीचं पोट तेवढं कोरं राहिलं, तेही पेंटरला खाली झोपता येईना म्हणून.

समारंभ झकास झाला. अण्णांना शाल मिळाली, गाडीला हार मिळाला. शकूताई म्हणाल्या, "अण्णा, माझ्या डोक्यावरचं ओझं उतरलं आज." अण्णांचे डोळे भरून आले. ते खोटं नव्हतं. त्या घटकेला ताडपत्रीखालच्या टायरांची त्यांना खरोखरच आठवण नव्हती.

वसतिगृहातली स्वयंपाकीण रत्ना या गाडीसाठी खास तालुक्याला जाऊन चालवायला शिकून आली होती. गाडी आली त्याच दिवशी शकूताईंनी कुंभाराचे आभार मानून त्याची गाढवं परत पाठवली. त्याने ती परगावच्या वीटभट्टीवर कामाला लावली.

पहिल्याच बाजाराच्या दिवशी गाडी भर चौकात बंद पडली. मागे एसटी थांबली, एसटीच्या मागे टेम्पो, टेम्पोच्या मागे बैलगाड्या. अडकलेल्या माणसांना दुसरा काही उद्योग नव्हता. समोर फाळका होता, फाळक्यावर हातभर अक्षरं होती. लोकांनी ती मोठ्याने वाचली.

"दानशूर बंद पडलं रं! लावा धक्का!"

तिथून सुरुवात झाली. आज दानशूर पंक्चर झाले. आज दानशूर घसरून गटारात गेले. दर दोन-चार दिवसांनी नवी बातमी. कळस झाला तो अण्णांच्या व्याह्यांमुळे. कुणीतरी त्यांना सांगितलं, की मल्लिनाथ शेटे घाटात आडवे झालेत. ते बिचारे फळांची पिशवी घेऊन धावत आले. पाहतात तर अण्णा ओट्यावर बसून पोहे खात होते.

त्या दिवशी अण्णांनी पोह्यांची बशी तशीच बाजूला सरकवली. चारचौघांत मान खाली घालायची पाळी त्यांच्यावर आजवर आली नव्हती. उभ्या हयातीत कमावलेलं नाव गाडीबरोबर चौकाचौकात धक्के खात होतं. 'ते नाव पुसून टाकायचं, बास,' असं त्यांनी ठरवलं. दुसऱ्या दिवशी सकाळी टर्पेंटाइनचा डबा आणि चिंध्या घेऊन ते एकटेच घाट चढू लागले.

तिसऱ्या वळणावर गाडी उभी होती. चाकांमागे दगड लावलेले होते. हौद्यातली पोती सोडून मुली धान्य पिशव्यांत भरून घेत होत्या आणि एकामागून एक पिशवी डोक्यावर घेऊन चढाला लागत होत्या. पूर्वी निदान गाढवं तरी होती. आता तीही नव्हती.

त्यांना पाहून शकूताई लगबगीने पुढे आल्या. अण्णा मनात म्हणाले, आता ह्या बोलणार आणि आपण ऐकून घ्यायचं.

पण शकूताईंनी हात जोडले. "अण्णा, माफ करा. एवढी चांगली गाडी दिलीत तुम्ही, आणि आमच्यामुळे तुमच्या नावाची गावभर चेष्टा चाललीय."

रत्नाने डोळे पुसले आणि चावी त्यांच्यापुढे धरली. "गाडी चांगलीच हाय, अण्णा. माझाच हात वाईट हाय. चढाला बंद पडती आणि मला परत चालूच करता येत न्हाई. ज्याला येतंय त्याला द्या चावी. मी आपली भाकरी थापते."

अण्णा चावीकडे बघत राहिले. सुटायची वाट समोर मोकळी होती. कुणाला काही ठाऊक नव्हतं. मिस्त्री बोलणारे नव्हते. पोरीचा हातच वाईट, एवढं म्हणायचं, चार ठिकाणचं नाव पुसायचं आणि घरी जायचं. गावही मग हसायचं थांबलं असतं. अण्णांनी चावी घेतलीसुद्धा. तेवढ्यात एक लहानशी मुलगी डोक्यावरची पिशवी सावरत त्यांच्या शेजारून गेली. जाता जाता तिने बॉनेटवरची अक्षरं बोट लावून वाचली, "दा-न-शू-र," आणि पुढे गेली.

अण्णांना ते सोसलं नाही. त्यांनी चावी रत्नाच्या हातात परत ठेवली.

"तुझा हात वाईट न्हाई, लेकी. हात माझा वाईट. नवे टायर मी काढून घेतले. नवी बॅटरी काढून घेतली. जॅकसुद्धा ठेवून घेतला. गाडी तू बंद पाडत न्हाईस, मी ती बंद पाडूनच दिली हुती."

रत्नाने एकदा गाडीकडे पाहिलं, एकदा स्वतःच्या हातांकडे. मग तिचा चेहरा असा काही उजळला, की अण्णांना जास्तच लाज वाटली. किती दिवस या पोरीने आपला दोष स्वतःच्या डोक्यावर वाहिला होता!

शकूताई रागावल्या. का रागावू नये? पण त्यांनी थोडक्यात आवरलं. "सगळं खरं. आता पुढं काय करायचं ते बोला, अण्णा."

अण्णांनी तिथूनच दस्तगीर मिस्त्रींना फोन लावला. तासाभरात मिस्त्री अण्णांच्या नव्या गाडीतून गोदामातला सगळा माल घेऊन आले. टायर खाली उतरवताना अण्णांना दिसलं, की प्रत्येकावर खडूने लिहिलेलं होतं, 'वरची गाडी'.

"हे कवा लिहिलंत, मिस्त्री?"

"काढले त्याच दिवशी. तुमास्नी लई वर्सं वळखतो मी, अण्णा. हात आखडता, पर मग तुमचं तुमास्नीच सोसत न्हाई."

मिस्त्रींनी बॅटरी बसवली. अण्णा धोतर खोचून रस्त्यावर गुडघ्यांवर बसले आणि चाकांचे नट त्यांनी स्वतःच्या हाताने आवळले. रत्नाने चावी फिरवली. पहिल्याच फटक्यात इंजिन धडधडलं. मुलींनी राहिलेल्या पिशव्या हौद्यात टाकल्या, स्वतःही चढल्या, आणि गाडी ओरडणाऱ्या पोरींसकट तिसरं वळण चढून गेली.

वरती पोचल्यावर अण्णांनी टर्पेंटाइनचा डबा उघडला. शकूताई म्हणाल्या, "आता कशाला पुसता? आता चालेल की गाडी."

"चालंल म्हणूनच पुसतो, ताई," अण्णा म्हणाले, आणि दुपारपर्यंत चारी बाजू त्यांनी घासून कोऱ्या केल्या.

पुढे कितीतरी महिन्यांनी एक परगावचं गिऱ्हाईक अण्णांच्या दुकानात बसलं होतं. बाजाराचा दिवस होता. समोरून पोत्यांनी भरलेली ती जुनी पिकअप हॉर्न वाजवत गेली आणि बघता बघता घाटाला लागली. स्टेअरिंगवर रत्ना होती.

"काय चढती हो!" गिऱ्हाईक म्हणालं. "कुणाची गाडी ही?"

"वरच्या पोरींची," अण्णा म्हणाले. शाल अंगावर पडली तेव्हा वाटलं नव्हतं इतकं बरं त्यांना त्या वेळी वाटलं.

तात्पर्य: उद्या आपल्यालाच जिच्या भरवशावर घाट चढायचा आहे, अशी वस्तू दुसऱ्याला द्यावी, आणि देताना हात आखडला असेल, तर तो दोष घेणाऱ्याच्या माथी राहू न देता स्वतःहून कबूल करून उरलेलं देऊन टाकावं.