चीक न धरलेला मका

फार पूर्वी, पाऊस ज्याला विसरत चालला होता अशा एका राज्यात, राजाच्या तीनशे गाई एका नाईकाच्या हवाली होत्या. उन्हाळ्यात गवताची काडी मिळत नसे. म्हणून ओल्या मक्याची कुट्टी खड्ड्यात तुडवून, वरून हवाबंद करून ठेवायची. त्या मुरघासावर गाई चार महिने काढत.

एका वर्षी समुद्राकाठची एक कोळीण शेवाळाचा अर्क घेऊन आली.

"दादा, हा पाण्यात कालवून पानांवर शिंपडा," ती नाईकाला म्हणाली. "मका उन्हात तग धरील. पण जास्त दिवस हिरवा राहील, तेव्हा कापायला नेहमीपेक्षा पंधरा दिवस जास्त थांबा. दाण्यात चीक घट्ट झाल्याशिवाय कोयता लावू नका."

अर्काने काम केलं. मका माणसाच्या दुप्पट वाढला. राजाच्या दिवाणाने काठी लावून उंची मोजली, गावोगाव तिची दवंडी पिटवली आणि खड्डे भरायला राजाचा वाढदिवस नेमला. दवंडी देणाऱ्यांपैकी एकानेही कणीस सोलून पाहिलं नाही.

नाईकाने पाहिलं. दाण्यात नख रुतवलं, तर नुसतं पाणी उडालं.

"दिवाणजी, दाणा कोवळा आहे. खड्ड्यात सडेल."

"महाराज दाणे तपासायला येणार आहेत का?"

"गाईंना कळेल."

"मग गाईंनाच दिवाण करू," दिवाण हसला. "तुला नाईक राहायचंय ना?"

नाईकाने कोयता उचलला.

उन्हाळ्यात खड्डे उघडले तेव्हा काळा, बुळबुळीत, घाण मारणारा लगदा निघाला. दुसरं काहीच नव्हतं, म्हणून गाईंनी तो खाल्ला. आठ दिवसांत दोनशे गाई पाय झाडून मेल्या.

दरबार भरला. "त्या बाईच्या अर्कात विष होतं," दिवाण म्हणाला.

राजाने नाईकाला विचारलं, "खरं का?"

"सांगा ना दादा," कोळीण म्हणाली, "मी काय बजावलं होतं ते."

नाईकाने तिच्याकडे पाहिलं नाही. त्याने राजाकडे बघून होकारार्थी मान डोलावली.

कोळणीला हद्दपार केलं. अर्काची मडकी फोडली. पुढच्या वर्षी मका गुडघ्याएवढा असतानाच करपला आणि उरलेल्या शंभर गाईही गेल्या. नाईकाची नाईकी तेवढी शाबूत राहिली. गाय नसलेल्या गोठ्याचा तो मरेपर्यंत नाईक होता.

खोटं बोलणारा एकटा पुरा पडत नाही. खरं ठाऊक असून मान डोलावणारा त्याला मिळतो, तेव्हाच सत्यानाश होतो.