थोरलीचं घड्याळ

फार पूर्वीची नव्हे, अगदी अलीकडची गोष्ट. आकाशात पाच उपग्रह-बहिणी राहायच्या. एकेक जेमतेम शिलाई मशीनएवढी. एकटीच्या नजरेत सगळा समुद्र मावायचा नाही, म्हणून प्रत्येकीने आपल्या वाट्याचा तुकडा टिपायचा आणि पाच तुकडे जोडून एक चित्र व्हायचं. ते चित्र खाली बंदरावरच्या वेणूआत्याकडे जायचं. वादळ जवळ दिसलं की आत्या धोक्याचा बावटा चढवायची, लांब गेलं की उतरवायची. तो बावटा बघूनच गावातल्या होड्या समुद्रात जायच्या.

तुकडे जुळायचे तर पाचही घड्याळं जुळायला हवीत. रोज सकाळी चौघी जणी थोरलीला वेळ विचारायच्या आणि आपलं घड्याळ तिच्याप्रमाणे लावायच्या. थोरलीला कोण विचारणार? ती थोरली!

एक दिवस थोरलीचं घड्याळ चार सेकंद मागे पडलं. जमिनीवरच्या घड्याळाशी ताडून पाहिल्यावर तिला ते कळलंही. पण गुपचूप घड्याळ पुढे करावं तर चौघींच्या लक्षात येणार; आणि सांगायचं तर कुणाला, कसं? बिचारीला लाज वाटली. चार सेकंदांनी काय बिघडतंय, असं म्हणत तिने नेहमीसारखी वेळ सांगून टाकली. अगं बाई, तेवढ्या चार सेकंदांत तुम्ही तीस किलोमीटर पळता, हे काय तुला सांगायला हवं?

झालं. तुकडा किती वाजता टिपला यावरूनच तो नकाशावर कुठे बसवायचा ते ठरायचं. बहिणी समुद्राकडून किनाऱ्याकडे धावत होत्या, त्यामुळे चित्रात सगळंच तीस किलोमीटर मागे, खोल समुद्राकडे सरकलं. वादळही. आत्याने चित्र पाहिलं, सुटकेचा श्वास सोडला आणि बावटा उतरवला. धक्क्यावर होड्यांचे दोर सुटू लागले.

"ताई," धाकटी हळूच म्हणाली, "माझ्या तुकड्यात ना, दीपगृह समुद्रात उभं दिसतंय. माझंच काहीतरी चुकलं असेल. माझा तुकडा काढून टाक ना चित्रातून."

 थोरली आता गप्प बसली असती तर सगळं धाकटीवर गेलं असतं आणि हिचं थोरलेपण शाबूत राहिलं असतं. पण खाली माणसं होड्यांत चढत होती.

"तुझं नाही गं, माझं चुकलंय," ती म्हणाली. "माझं घड्याळ चार सेकंद मागे आहे. मला माहीत होतं." आणि तेच तिने आत्यालाही कळवलं.

आत्याने चित्र चार सेकंदांनी पुढे सरकवलं, तर वादळ थेट खाडीच्या तोंडाशी! तिने धावत जाऊन बावटा पुन्हा चढवला. एक होडी निघालीही होती. तिच्या तांडेलाने मागे वळून पाहिलं आणि मुकाट्याने सुकाणू फिरवलं. होडी धक्क्याला लागली आणि मागोमाग वारा आला.

इकडे थोरली मान खाली घालून बोलणी खायला तयार होती. रागावल्या चौघी, नाही असं नाही. मधली तर चांगलीच फणकारली. शेवटी धाकटी म्हणाली, "ताई, रोज आम्ही तुला वेळ विचारतो. उद्यापासून तूही आम्हाला विचारत जा."

तात्पर्य एवढंच, बाळांनो: ज्याच्यावर सगळे विसंबतात, त्याने आपली चूक सगळ्यांत आधी सांगावी, आणि त्यालाही विचारणारं कुणीतरी असावं.