ठकूचा परत न आलेला विटा

आपल्या नदीवर पूल नव्हता, आणि कधी होईल असं कुणाच्या स्वप्नातही नव्हतं, तेव्हाची ही गोष्ट. फार मागची. तेव्हा पाणखडे गावात रायाजी वस्तादांची तालीम होती आणि तिथं विटा शिकवत. विटा म्हणजे दोरीचा भाला. दोरीचं टोक मनगटाला बांधायचं, भाला फेकायचा आणि झटका देऊन तो परत हातात झेलायचा.

लोहाराची लेक ठकू पाती पोचवायला तालमीत यायची आणि दारातच उभी राहायची. एक दिवस म्हणाली, "वस्ताद, मलाही शिकवा."

पोरं हसली. वस्ताद हसले नाहीत. म्हणाले, "पोरीला नाही म्हणायचा नियम इथं नाही. खराट्यापासून सुरुवात करायचा मात्र आहे."

ठकूनं खराटा घेतला. आखाडा झाडता झाडता तिच्या हाती काठी आली, आणि काठीनंतर विटा. पहिलाच विटा तिनं असा फेकला की दोरी तुटली आणि भाला नदीत गेला. तालमीचा नियम कडक होता. ज्याचा विटा परत आला नाही, त्यानं पुन्हा खराटा घ्यायचा. ठकू पुन्हा झाडू लागली. पुढंही असंच झालं. सुभाना नावाचा तिच्याच बरोबरीचा गडी रोज विचारायचा, "काय ठके, आज भाला की खराटा?"

हळूहळू ठकूला हात आवरायला जमलं. तिचा विटा पाखरासारखा जायचा आणि पाखरासारखा हातावर येऊन बसायचा. असं म्हणतात, उडत्या पानाला टोचून ती ते पान न फाडता परत आणायची. शेवटी वस्ताद म्हणाले, "दसऱ्याला तुला कडं." तांब्याचं ते कडं ज्याच्या हातात, तो पुरा तयार झाला असं गाव मानायचं.

दसरा उद्यावर आला आणि वर डोंगरात कुठं तरी ढग फुटला. पलीकडून लेकुरवाळ्या बायांना घेऊन येणारी नाव लोंढ्यानं मधल्या खडकावर आपटली आणि फुटली. खडकावर एक उंबर होता. बाया त्याला धरून उभ्या राहिल्या, आणि पाणी चढत होतं. दुसरी नाव त्या पाण्यात जाईना. दोर पोचला तरच जीव वाचणार होते.

तालमीतले गडी काठावर धावले. सुभानानं विटा फेकला. तो अर्ध्या पाण्यापर्यंत गेला आणि शहाण्यासारखा परत त्याच्या हातात आला. दुसऱ्याचाही आला. ठकूचासुद्धा आला. परत आलेल्या विट्याकडे ती बघत राहिली, आणि तिला कळलं. खराट्याच्या भीतीनं या तालमीत पूर्ण ताकदीनं विटा कुणीच फेकत नव्हतं, आता तीसुद्धा.

तिनं मनगटाची दोरी सोडली. तिच्याऐवजी विट्याला कोळ्यांचा बारीक, लांबलचक दोर बांधला आणि त्याच्या शेपटाला नावेचा जाड दोर.

सुभाना ओरडला, "ठके, उद्या कडं आहे! विटा गेला तर पुन्हा खराटा!"

"खराटा माझ्या ओळखीचा आहे," ठकू म्हणाली, आणि तिनं फेकला.

असं म्हणतात, त्या फेकीनं नदीचं पाणी क्षणभर दुभंगलं आणि तळातली वाळू दिसली. विटा उंबरात पात्यासकट रुतला. बायांनी बारीक दोर ओढला, त्यामागून जाड दोर आला, तो त्यांनी बुंध्याला बांधला. अलीकडं सगळ्या गावानं टाचा रोवून दोर ताणून धरला. सुभानानं तो कमरेलाच गुंडाळला होता. पाठीवर पोरं बांधून एकेक बाई अलीकडं आली. शेवटच्या बाईचे पाय काठाला लागले, सगळ्यांनी दोर सोडला आणि उंबर मुळासकट उन्मळला. ठकूचा विटा घेऊन तो पुरात गेला.

दसऱ्याच्या सकाळी ठकू खराटा घ्यायला तालमीत आली. खराटा जागेवर नव्हता. रायाजी वस्ताद स्वतः आखाडा झाडत होते.

"वस्ताद, हे काय? द्या इकडं."

"थांब गं. मीही पहिल्यापासून शिकतोय," वस्ताद म्हणाले. "जन्मभर मी फक्त परत आणायलाच शिकवलं." मग त्यांनी आपल्या हातातलं कडं काढून तिच्या हातात चढवलं. सुभानानं अशी आरोळी ठोकली की पलीकडच्या काठावरची गुरं उधळली.

पुढं ठकूच तालमीची वस्ताद झाली.

आजही पाणखड्यात दसऱ्याला वस्ताद स्वतः आखाडा झाडतात. मग ज्याला कडं मिळायचं असतं तो नदीकाठी येतो, सगळ्या गावासमोर मनगटाची दोरी सोडतो आणि असेल नसेल ती ताकद लावून विटा फेकतो. कुणी तो शोधायला जात नाही. गुरं चारताना कुणाला पातं सापडलं तर ते तालमीत आणून टांगतात. गेल्या दसऱ्याचं पातं नदी ओलांडून पार पलीकडच्या बांधात रुतलेलं निघालं. फेकणारी पोरगीच होती.

ठकूचं पातं मात्र कधीच सापडलं नाही. असं म्हणतात, ते अजून पुढंच चाललंय.