लिंबू-मिरचीची ढाल

कोयते बोलत असत आणि माणसं ऐकत नसत, त्या काळची गोष्ट. भिकाभाऊंच्या आंब्याच्या बागेत गवत कापायचं पेट्रोलचं मशीन होतं. पात्यावरच्या ढालीत गवत अडकतं म्हणून भाऊंनी ती काढून कोनाड्यात टाकली होती. खंडेनवमीला त्यांनी मशीनला मूठभर हळद-कुंकू वाहिलं आणि ढालीच्या जागी लिंबू-मिरची बांधली.

"आता कसली भीती नाही," भाऊ म्हणाले.

ते गेल्यावर म्हातारा कोयता मशीनला म्हणाला, "बाबा रे, चालू होण्याआधी बंद होतोस का, ते बघ."

"बंदच्या बटणात कुंकू गेलंय, आजोबा. दाबलं तरी हलत नाही. आणि परवा भाऊंचा पाय माझ्या पात्याशेजारी असेल!"

लिंबू हसलं. "मी आहे ना!"

"तू काय अडवतोस?" कोनाड्यातून ढालीने विचारलं.

"नजर."

"आणि उडालेला दगड?"

"दगड माझ्या खात्यात येत नाही."

दसरा उलटला आणि भाऊंनी मशीन सुरू केलं. पहिल्याच फेऱ्यात पात्याने लिंबू चिरलं, रस थेट भाऊंच्या डोळ्यांत गेला. त्यांनी बटण दाबलं, पण मशीन थांबेना. पेट्रोल संपेपर्यंत भाऊ डोळे मिटून, पाय फाकून, देवाचं नाव घेत उभे राहिले.

"बघितलंस?" डोळे धुताना ते बायकोला म्हणाले. "लिंबाने स्वतःवर घेतलं, म्हणून पाय वाचला!"

दुसऱ्या दिवशी त्यांनी दोन लिंबं बांधली. ढालीलाही आता हळद-कुंकू मिळतं, कोनाड्यातच.