ठमाईची बोलणी

बसा इथं. नाड्या नंतर बांधा, आधी समोर बघा. झुंजुमुंजूला निघायचं ठरलं होतं आणि तुम्ही पोह्यांचे फोटो काढत बसलात. आता ऊन तापणार, धारेवर सावलीला एक झाड नाही, आणि दुपारी कुणी ‘गोमाबाबा, अजून किती राहिलं’ म्हणून विचारलं तर मी उत्तर देणार नाही.

ही समोर दिसते ती पलीकडची सोंड. आपण बसलोय ती अलीकडची. मधे दरी. डोंगर घोड्याच्या नालेसारखा वळलाय आणि आमची सोनमाची त्याच्या या टोकावर आहे. समोरच्या टोकाला हाक पोचते, माणूस पोचत नाही. खालून चढायला पूर्वी वाटच नव्हती, दोन्हीकडं उभे कडे. तिकडं जायचं तर धार धरून सगळी नाल फिरायची, पार संध्याकाळ होते. या धारेला आम्ही बोलणीची धार म्हणतो. तुमच्या नकाशात काहीतरी दुसरंच नाव छापलंय, ते छापणाऱ्यालाच ठाऊक.

सकाळी माझ्या म्हातारीनं दारात उभं राहून मला झापलं, तेव्हा हा निळ्या टोपीवाला हसला. मी बघितलं ते. ‘गुडघे गेले तरी हौस जात नाही तुझी, पड एकदाचा तिकडं कड्यात,’ असं ती म्हणाली. तुला वाटलं, म्हातारा-म्हातारीचं पटत नाही. अरे, आमच्या माचीवर धारेला निघालेल्या माणसाला बाई शिव्या दिल्याशिवाय सोडत नाही. कुणी गोड बोलून निरोप दिला तर माणूस घराबाहेर पाय टाकत नाही. का, ते ऐक आता.

फार जुनी गोष्ट आहे. आमच्या आजोबांच्या आजोबांनीही ती ऐकलेलीच होती. तेव्हा या माचीवर धावजी नावाचा एक कोळी राहायचा. पलीकडच्या कड्यात आग्या माश्यांची मोहोळं लागतात, आजही लागतात, ती तो काढायचा. वाखाचा दोर कमरेला बांधायचा आणि वरून कड्यात उतरायचं. वर दोर धरायला कोण, तर बायकोचा भाऊ. दुसरं कुणी नाही. सख्खा भाऊ नाही, बाप नाही. बहिणीचं कुंकू ज्याच्या हातात, तो दोर सोडत नाही, असा आमच्यात दंडकच होता.

धावजीच्या बायकोचं नाव ठमा. आम्ही आता ठमाई म्हणतो. तिचा भाऊ लुमा. एका लग्नाच्या जेवणात लुमा चारचौघांत बोलून गेला, की धावजीनं वळलेल्या दोराला मी तर बकरीसुद्धा बांधणार नाही. झालं. धावजीला ते लागलं. खरं होतं म्हणून जास्त लागलं असेल. ‘तुझ्या हातात माझा दोर पुन्हा देणार नाही,’ म्हणाला आणि पानावरून उठला. आणि पुढच्या अवसेला मध काढायला निघाला तो धाकट्या भावाला, कोंडूला घेऊन. ठमाईनं दारात हात आडवा धरला म्हणे. तो खालून वाकून गेला.

या कोंडूचं नाव काढलं की माझं डोकं फिरतं. वाईट नव्हता तो, नुसता भित्रा होता. पण दोर धरणाऱ्यानं भित्रं असू नये, मग तो चोर असला तरी चालेल. धावजी अंधारात कड्यात उतरला, मोहोळाला हात घातला, माश्या उठल्या आणि थोड्या वर आल्या. थोड्याच. कोंडूनं दोर सोडला आणि पळत सुटला. रात्रभर धार तुडवत सकाळी माचीवर आला आणि छाती बडवून सांगायला लागला, की दादा गेला, दोर तुटला, माझ्या डोळ्यांदेखत खाली गेला.

आणि माचीनं ऐकलं. हे मला पचत नाही. एकाही शहाण्यानं या टोकावर येऊन समोर बघितलं नाही. घरापासून किती लांब आहे हे? आत्ता चालत आलात ना तुम्ही? इथवर यायचं सोडून त्यांनी रडणं सुरू केलं, चुली विझवल्या आणि चार बायका ठमाईच्या बांगड्या फोडायला दगड घेऊन आल्या. तिनं त्यांच्या हातातला दगड काढून अंगणात भिरकावला. ‘माझ्या हाताला हात लावाल तर बघा,’ म्हणाली, आणि इथं आली. या दगडावर उभी राहिली, असं सांगतात.

समोर तो पिवळा पट्टा दिसतो कड्यात? त्याच्या खाली एक खोबण आहे. तिथं धावजी पडला होता. जिवंत. दोर कमरेतून सुटून खाली गेला होता, हा अडकला होता. अंगावर इतके डंख, की डोळे सुजून मिटलेले. दिसत काही नव्हतं. कूस बदलली तर सरळ दरीत.

ठमाईनं आधी रडत हाका मारल्या. धनी म्हणाली, राजा म्हणाली, काय काय म्हणाली. तो हलला नाही. मग तिला राग आला. राग कसा, तर सगळ्यांचा मिळून एकदम आला. ‘मुडद्या,’ ती ओरडली, ‘घराचं दार मोडून पडलंय, ते लावायचं सोडून तू तिथं झोपलास?’ आणि धावजीनं डोक्याचं फडकं हातात घेऊन हलवलं. तो आवाज त्याच्या ओळखीचा होता.

तेव्हा तिला कळलं, की याला जागं ठेवायचं तर रागवावं लागेल. गोड शब्द दरी ओलांडत नाही. आणि झोप लागली की हा गेला.

तिनं घरात पडलेला माहेरचा दोर डोक्यावर घेतला. भावाच्या दारात गेली. लुमा ओट्यावर बसला होता. ‘त्यानं मला पानावरून उठून दाखवलं,’ म्हणाला. ती म्हणाली, ‘तू ओट्यावर बसून दाखव,’ आणि पुढं गेली. त्याच्याशी एवढंच बोलली, कारण बाकीचा घसा तिला पुरवायचा होता.

चला, उठा आता. पुढचं मुक्या खिंडीच्या अलीकडं सांगतो. आणि ती बिस्किटाची पुडी उचल. तुझा बाप येणार आहे का मागून उचलायला?

थांबा. पाणी बेतानं प्या. दम लागला ना? तुमच्या पाठीवर खाऊ आहे, तिच्या डोक्यावर जड दोर होता. आणि तुम्ही तोंड मिटून चाललात. ती सबंध वाट ओरडत चालली होती. घसरड्या मुरमावरून, कारवीतून, त्या अरुंद पायरीवरून, जिथं या ताई बसून सरकल्या, तिथूनही. धावजीचा एकेक गुन्हा काढत होती. लग्नात रुसला होता ते काढलं. बैल विकताना तिला विचारलं नाही, ते काढलं. सासूच्या आजारपणात मोहोळं हुंगत फिरला, ते काढलं. प्रत्येकाला समोरून फडकं हलायचं.

त्या अरुंद पायरीवर तिचा तोल गेला, तेव्हा मागून कुणीतरी डोक्यावरचा दोर उचलला. लुमा होता. सकाळपासून मागून येत होता. दोर त्याच्या खांद्यावर गेला आणि ती मोकळ्या डोक्यानं ओरडायला लागली.

मग ही पुढची खिंड आली. तिथं शिखर आडवं येतं. तिथून समोरचं दिसत नाही आणि तिथला आवाज पलीकडं जात नाही. खिंडीत शिरायच्या आधी ती थांबली आणि जिवाच्या आकांतानं ओरडली, ‘आता मी डोंगराआड जातेय. गप्प झाले म्हणून माझा राग गेला असं समजू नकोस. झोपलास तर बघ.’

खिंडीतून ती धावत गेली, असं सांगतात. तुम्हीही तिथून पाय उचला, बसायची जागा नाही ती. आणि तिथं कुणी बोलायचं नाही. आम्ही बोलत नाही.

हं. आलो. मागं सरका, त्या कडेला पाय लोंबकळत बसायचं नाही. परवा एकजण बसला होता, त्याच्या कानाखाली आवाज काढला मी.

याच्या खाली ती खोबण. ठमाई इथं पोचली तेव्हा अशीच तिरपी उन्हं होती. वरून खोबण दिसत नाही, आता तुम्हालाही दिसणार नाही. तिनं हाक मारली. खालून काही नाही. शिव्या दिल्या. काही नाही. लुमानं दोर खाली सोडला, कमरेला वेढा घेतला, टाचा या खाचेत रोवल्या. ही बघा खाच. दोर नुसता लोंबत होता. ठमाई पालथी पडून खाली तोंड करून बोलत राहिली, घसा फाटला, तोंडातून रक्त आलं म्हणे, तरी बोलत राहिली. सगळे गुन्हे संपले तशी तेच पुन्हा सुरू केले. दाराचं पुन्हा काढलं. तेव्हा दोराला एक हिसका बसला. मग वजन आलं.

लुमानं मेव्हण्याला वर ओढला. धावजी कातळावर पडला, चाचपडत लुमाचे पाय धरले त्यानं. लुमा म्हणाला, ‘हा दोर मी वळलाय,’ एवढंच. त्याचा राग तिथं संपला.

ठमाई नवऱ्यासमोर बसली. दिवसभराचं सगळं बोलून झालं होतं. आता तिला दुसरं काहीतरी सांगायचं होतं. तिनं त्याच्या सुजलेल्या तोंडावरून हात फिरवला आणि तोंड उघडलं. आवाज आला नाही. पुन्हा प्रयत्न केला. नाही आला. धावजीला दिसत नव्हतं, तो सारखा म्हणत होता, ‘बोल की. ठमे, बोल की.’

तिचा आवाज परत कधी आलाच नाही. पुढं पुष्कळ वर्षं संसार झाला त्यांचा, पण मुक्यानं. काय सांगायचं होतं, ते तिनं कधी कळू दिलं नाही, की तिला देता आलं नाही, कोण जाणे. धावजी दरसाल एकटा इथं यायचा. इथं उभा राहून तिच्याच शिव्या मोठ्यानं स्वतःला द्यायचा. समोरचा कडा त्या परत द्यायचा. त्यात तिचा आवाज असतो, असं तो म्हणायचा.

आजही असतो. दे रे, निळी टोपी, एक शिवी दे स्वतःलाच. लाजू नकोस, सकाळी हसताना लाजला नाहीस. ऐकलंत? कशी धडधडीत परत आली. आता ताई, तुम्ही काहीतरी गोड बोला. हळू. बघा. काही नाही. आजवर कुणाला गोड शब्द परत मिळालेला नाही इथं. तो तिचा सांगायचा राहिला.

म्हणून आमच्या माचीवर दुसरी एक रीत आहे, ती तुम्ही बघितली नाही, कारण तुम्ही फक्त निघताना बघितलंत. माणूस धारेवरून धड परत आला, की घरची बाई पहिला शब्द गोड बोलते. पाणी देण्याआधी, काही विचारण्याआधी. एकच शब्द, मग पुन्हा आहेच तिचं सुरू.

चला, त्या नव्या लोखंडी शिडीनं उतरायचंय, खाली जीप उभी आहे. फोटो पुरे झाले. माझी म्हातारी दारात आली असेल. उजेड आहे तोवर घरी पोचवा मला. शब्द बोलताना मला तिचं तोंड बघायचं असतं.